रस्त्यावर खाते, सांगून खाते

माझ्या पासपोर्टवर सात देशांचे शिक्के आहेत. त्यातल्या चार देशांत मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथलं काहीही चाखलं नाही. वरण, भात, बटाट्याची भाजी, पोळी आणि लोणचं, एवढंच खाल्लं, कारण तेच रांधायला मला तिथे नेलं होतं.

टूरसोबत जाणारी आचारीण हा काय प्रकार असतो, हे आमच्या भागात अजून पुष्कळांना माहीत नाही, म्हणून आधी ते सांगते. चाळीस मराठी माणसं थायलंडला जातात. त्यांना समुद्र, हत्ती, देवळं सगळं तिथलं हवं असतं, जेवण मात्र इथलं. कंपनी मग आचारी सोबत पाठवते. पाहुणे हॉटेलच्या पुढच्या दाराने आत जातात आणि आम्ही मागच्या. तिथल्या मुख्य स्वयंपाक्याला हातवारे करून एक शेगडी आणि एक कोपरा मागायचा. तूरडाळ, कणीक, मसाले, पापड आपल्या पेट्यांत असतात. तांदूळ आणि भाजी तिथे घ्यायची. पाहुणे उठायच्या आधी पोहे तयार, मग दुपारचे डबे भरायचे, मग संध्याकाळचं जेवण. पाहुण्यांचे फोटो बुद्धमूर्तीसमोर असतात. माझे सगळे शेगडीसमोर आहेत.

त्याआधी मी मलकापूरला स्टेशनजवळ मेस चालवायचे. कापसाच्या जिनिंगमधले कारकून, बदली होऊन आलेले बँकवाले असे लोक जेवायला यायचे. त्यातल्या एकाचा भाऊ या टूर कंपनीत होता. तो दोन दिवस माझ्याकडे जेवला आणि मला पासपोर्ट आहे का म्हणून विचारलं. नव्हता. माझे यजमान एसटीत कंडक्टर. ते म्हणाले, "मी रोज मलकापूर-बुलडाणा करतो, तू थायलंड कर." आमच्या घरात या विषयावर एवढीच चर्चा झाली.

कंपनीचे नियम दोन होते. आचाऱ्याने बाहेरचं खायचं नाही, कारण तो आजारी पडला तर चाळीस माणसं उपाशी राहतील. हा मला पटत होता. दुसरा नियम पाहुण्यांसाठी. त्यांना रस्त्यावरचं काही खाऊ द्यायचं नाही. त्यासाठी आमचे टूर मॅनेजर, त्यांना मी पाटणकर साहेब म्हणते, हे त्यांचं खरं नाव नाही, बसमध्ये माईक घेऊन रोज सकाळी एक भाषण द्यायचे. इथले लोक काय वाट्टेल ते खातात, पाणी कुठलं, तेल कसलं, सॉसच्या बाटलीत काय आहे कोणालाच ठाऊक नाही. माणसांना पैसे भरून परदेशात आणायचं, तिथे त्यांना त्या देशाची भीती घालायची आणि भीतीवर उतारा म्हणून वरणभात वाढायचा. तीन वर्षं मीच तो वाढला.

माझा नियम मोडला तो चिआंग माईच्या बाजारात. थायलंडच्या उत्तरेला आहे हे गाव. मी कोथिंबीर घ्यायला गेले होते. भाजीच्या रांगेच्या शेवटी एक बाई निखाऱ्यांवर लांब हिरव्या मिरच्या, अख्खे लसूण आणि बारके कांदे भाजत होती. भाजून काळी झालेली सालं बोटांनी काढायची आणि सगळं दगडी उखळात टाकून ठेचायची. मी पिशवी हातात धरून उभीच राहिले. आपल्याकडे ठेचा फक्त आपल्यालाच येतो असं मानायची पद्धत आहे. मीही मानत होते. आणि ही बाई, जिला माझं गाव धामणगाव बढे कुठे आहे ते सोडा, भारत कुठल्या बाजूला आहे हेही माहीत नसेल, माझ्या आईच्याच हाताने ठेचत होती. मनगटाचा झटकासुद्धा तोच.

तिने चिकट भाताचा एक गोळा केला, ठेच्यात बुडवला आणि माझ्यापुढे धरला. मी खाल्ला. नंतर तिने दुसऱ्या वाडग्यातलं दाखवलं, त्यात मासळीचं खारं पाणी घातलेलं होतं. तेही खाल्लं. डोळ्यांतून पाणी आलं, ते मिरचीचं होतं. पण हॉटेलवर परतताना मला राग येत होता, आणि तो कोणाचा ते लवकर कळेना. चालता चालता लक्षात आलं, तीन वर्षं मी अशा बायकांच्या समोरून मान खाली घालून गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याच मिरच्या आणून, फक्त मीठ घालून तसा ठेचा केला आणि पाहुण्यांना वाढला. ताटं पुसून खाल्ली. एक गृहस्थ म्हणाले, अगदी गावाकडची चव, मावशी, बाहेर असं मिळणार नाही. मी सांगून टाकलं की हे बाहेरचंच आहे, बाजारातल्या बाईकडून शिकून आले. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. पोटात आधीच तीन पोळ्यांबरोबर तोच ठेचा गेला होता, पण घास मात्र ठेवला. पाटणकर साहेबांनी मला बाजूला घेऊन समजावलं, पाहुण्यांना अशी माहिती द्यायची नसते. मी म्हटलं, पाहुणे विचारतात तेव्हा खोटं कसं बोलू. ते म्हणाले, "खोटं नका बोलू, गप्प बसा."

गप्प बसणं मला तसं जमायचं. माझी बोली वऱ्हाडी. 'मले-तुले' ऐकलं की पुण्या-मुंबईचे पाहुणे हसायचे, म्हणून मी त्यांच्यासमोर थोडंच बोलायचे आणि जे बोलायचे ते घोकून शुद्ध. पण त्या दिवसानंतर मी प्रत्येक गावात सकाळी एक तास रस्त्यावर जायला लागले. वही ठेवली. बाटलीवरची नावं वाचता येत नसत, म्हणून चव लिहायचे. 'गोड-आंबट, चिंच, शेंगदाणे भरडलेले.' 'तिखट, लसूण कच्चा, व्हिनेगर.' व्हिएतनाममध्ये सोयाबीन आंबवून केलेलं काळं खारं पाणी चाखलं, तेव्हा मला आपल्या जिल्ह्यातली सोयाबीनची शिवारंच्या शिवारं आठवली. आपण पोती भरून तेलाच्या कारखान्याला देतो आणि मोकळे होतो. त्याची चव कशी असते हे पिकवणाऱ्याने कधी चाखलेलंच नसतं.

आता ज्या टूरमुळे माझी नोकरी गेली, ती सांगते.

व्हिएतनाममधलं ह्यूए हे जुन्या राजधानीचं गाव. त्या टूरमध्ये पुण्याच्या एक आजी होत्या, वय चौऱ्याहत्तर, शुद्ध शाकाहारी, एकट्या आलेल्या. आम्ही सगळे त्यांना बापटआजी म्हणायचो. पहिल्या दिवसापासून त्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या. मला वाटलं, सोवळ्याची काही चौकशी असेल. तिसऱ्या दिवशी त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही सकाळी कुठे जाता हो? मला खिडकीतून दिसता."

मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला न्याल का? मी आयुष्यभर लोकांना वाढलं. आता मला कोणी अनोळखी माणसाने वाढलेलं खायचंय."

दुसऱ्या दिवशी सहा वाजता आम्ही निघालो. आजींनी त्यांच्या खोलीशेजारच्या दोन बहिणींनाही सांगितलं होतं, त्याही आल्या. तो दिवस पौर्णिमेचा होता. तिथले बौद्ध लोक अमावास्या-पौर्णिमेला शाकाहारी खातात आणि त्या दिवशी रस्त्यावर तशा पाट्या लागतात. शाकाहारी जेवणाला तिथे 'चाय' म्हणतात. आजींना वाटलं चहा मिळतोय, त्या खूश झाल्या. बसलो तर समोर आल्या तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या बारक्या चकत्या, वर मुगाच्या डाळीचा भुगा, आणि सोबत सोयाबीनच्या पाण्यात मिरची, साखर, लिंबू घातलेली चटणी. मी वाढणाऱ्या बाईला स्वतःकडे बोट दाखवून 'बुद्ध' म्हटलं आणि हात जोडले. तिनेही जोडले आणि आणखी एक ताटली आणून ठेवली. मी बौद्ध, ती बौद्ध, आजी ब्राह्मण, आणि आम्ही चौघी बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर गुडघे छातीशी घेऊन जेवत होतो. आजींनी चटणीची वाटी शेवटी तोंडाला लावली. मला म्हणाल्या, यांना सांगा फार सुंदर झालंय. मला भाषा येत नव्हती, मी नुसतं बोटं चाटून दाखवलं.

त्याच दिवशी दुपारी बस होई आनला निघाली. रस्ता घाटाचा. डबे वाटले, फोडणीचा भात होता. निम्मे लोक जेवले आणि पाऊण-एक तासात एकेकाला उलट्या सुरू झाल्या. बस तीनदा थांबली. नऊ माणसं आडवी झाली. आधी वाटलं घाट लागला, पण पोटंही बिघडली तेव्हा सगळे घाबरले.

पाटणकर साहेबांनी माईक घेतला. आमच्याच स्टाफपैकी एकीने नियम मोडून काही पाहुण्यांना रस्त्यावर खायला नेलं आणि त्याच हातांनी डबे भरले, त्याचा हा परिणाम आहे, असं ते म्हणाले. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, चाळीस माना माझ्याकडे वळल्या.

इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. तो भात आदल्या संध्याकाळचा होता. मोठं पातेलं भरून उरला होता. झाकण लावून त्या उकाड्यात रात्रभर तसाच राहिला. सकाळी साहेब म्हणाले, टाकायचा नाही, फोडणी देऊन डब्यांत भरा. मेस चालवलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही की असा भात वरून कितीही परतला तरी विषच. मी झाकण काढलं तेव्हा मला हलका वास आला होता. आणि मी "हो साहेब" म्हटलं. बाजारातून यायला उशीर झाला होता, साहेबांनी कुठे गेला होता असं विचारू नये एवढंच तेव्हा डोक्यात होतं. ते "हो" मला आजही टोचतं.

मी पुढे गेले आणि माईक मागितला. साहेब देईनात. बापटआजी जागेवरून म्हणाल्या, "द्या त्यांना." मग दिला.

घोकलेलं शुद्ध मराठी त्या वेळी काही तोंडात आलं नाही. मी म्हटलं, "रस्त्यावर आम्ही चौघी जेवलो. या तिघी समोर बसून आहेत, त्यायले काही झालं नाही. मले काही झालं नाही. काऊन? तर आमचं पोट भरलेलं होतं, आम्ही डबा उघडलाच नाही. ज्यायनं डबा खाल्ला ते आजारी आहेत. भात कालचा होता. साहेबायनं सांगतलं आणि म्या भरला. हात माहे होते. रस्त्यावरच्या बाईचं नाव घेऊ नका. तिनं ताजं करून वाढलं."

दोघी बहिणींनी आपले बंद डबे वर करून दाखवले. कोणी हसलं नाही.

एका गृहस्थांना होई आनच्या दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथे बसले. त्यांच्या पत्नी माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ते बरे झाले. परत आल्यावर कंपनीने मला पुन्हा बोलावलं नाही. शिळा भात भरला म्हणून काढलं असतं तर मी मान खाली घातली असती. मला सांगण्यात आलं ते कारण होतं, पाहुण्यांना बाहेरचं खायला नेलं. म्हणून मी मान वर ठेवूनच घरी आले.

आता माझी स्वतःची टूर आहे. वर्षातून दोनदा, आठ-दहा बायका, बहुतेक मलकापूर, शेगाव, खामगावच्या. सोबत पातेलं नाही, डाळ नाही, कणीक नाही. निघण्याआधीच्या बैठकीत मी सांगते, जिला वरणभात हवा तिने घरी राहावं. काय खायचं आणि काय नाही ते प्रत्येकीने ठरवावं. कशात काय आहे ते मी विचारून खरं सांगेन. गर्दी असेल तिथे खायचं, डोळ्यांसमोर शिजलेलं खायचं आणि झाकून ठेवलेल्या भाताला हात लावायचा नाही. लोक म्हणाले, आपल्याकडच्या बायका येणार नाहीत. सहा टूर झाल्या आहेत.

मागच्या टूरला नाव आलं ते सरलाबाईंचं. सरलाबाई आमच्या धामणगावच्याच, मोठ्या जमिनीवाल्या घरातल्या, आणि शाळेत माझ्या वर्गात होत्या. चौथीत त्यांनी वर्गाच्या बाईंना सांगितलं होतं की सुनंदाच्या, म्हणजे माझ्या, कपड्यांना सुकटीचा वास येतो. सुकट, म्हणजे वाळवलेले बारके झिंगे, आमच्या वस्तीत आठवड्याला दोनदा तरी व्हायची. त्यांच्या घरी मटण शिजायचं, पण सुकटीचं नाव निघत नसे. बाईंनी माझं दप्तर उचलून दाराजवळ ठेवलं. वर्षभर मी तिथे बसले. आज पंचावन्न वर्षांची आहे, तरी मी सरलाबाईंना 'अहो' म्हणते आणि त्या मला 'अगं'. फोनवर त्यांनी इतकंच विचारलं, "सुनंदा, तुझ्या टूरमध्ये जागा आहे का?" मी म्हटलं, आहे.

मलेशियात पिनांगला आम्ही एका गाडीवर बसलो. तिथे काकडी, अननस, कच्चा आंबा कापून त्यावर काळी घट्ट चटणी आणि शेंगदाण्याचा कूट घालून देतात. चटणी अगदी आपल्या चिंच-गुळासारखी दिसते. सरलाबाईंनी काडीवर फोड उचलली. मी त्यांना थांबवलं आणि सांगितलं, हे चिंच-गूळ नाही, यात झिंगे आंबवून केलेला लगदा आहे, खायचं तर समजून खा.

त्यांनी फोड नाकाजवळ नेली. 

"हा वास मले माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"हाव," मी म्हटलं. "माह्या कपड्यांले येत होता."

बाकीच्या बायका खायच्या थांबल्या. त्यांना काही माहीत नव्हतं, पण काहीतरी चाललंय हे कळलं. सरलाबाई माझ्याकडे पाहत नव्हत्या. "मी विसरली नाही," त्या म्हणाल्या, आणि फोड तोंडात टाकली. मग दुसरी. माझी ताटली त्यांच्यापेक्षा जास्त तिखट होती, त्यांनी त्यातलीही घेतली. हॉटेलवर जाताना त्यांनी माझा हात धरून सांगितलं, गावात काही बोलू नको. मी सांगितलं, आपणहून बोलणार नाही, पण कोणी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. ते मला आता जमत नाही.

परत आल्यावर पंधरा दिवसांनी गावात बचतगटाची सभा होती, मलाही बोलावलं होतं. पंचवीस-तीस बायका होत्या, सगळ्या आळ्यांतल्या. फोटो पाहून झाले आणि एकीने विचारलं, काय खाल्लं गं तिकडे? प्रश्न मला होता. मी तोंड उघडण्याआधी सरलाबाई बोलल्या.

"मी सुकट खाल्ली. हिच्या ताटातली."

  त्यांची सून खाली पाहत होती. मी सरलाबाईंकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर रडले असते, आणि त्या खोलीत मला रडायचं नव्हतं.

सभा संपल्यावर सगळ्यांच्या देखत मी म्हटलं, "सरला, रविवारी घरी जेवायले ये." अहो म्हटलं नाही. ती म्हणाली, पाहते. त्या रविवारी ती आली नाही, पुढच्याही नाही. मी घरी बोलावणं थांबवलेलं नाही. भेटते तिथे विचारते, आणि चारचौघींत विचारते.